घरचें दफ्तर : दोन नांवांच्या सासूबाई

धानोऱ्याच्या एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे वडील दीर अमेरिकेंत स्थायिक होऊन तेथील नागरिक झाले. आईस कायमचें आपल्याजवळ न्यावें म्हणून त्यांनीं रीतसर अर्ज केला व तो मंजूर झाला. आतां सासूबाईंचीं कागदपत्रें मागितलीं आहेत. तीं पुरीं पडलीं कीं मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत मुलाखतीचा दिवस नेमला जाईल. अडचण अशी कीं, सासूबाईंचें वय ७२. त्यांच्यापाशीं जन्माचा दाखला नाहीं, आणि शाळेच्या पुस्तकांतील नांव एक, तर पासपोर्टावरील नांव दुसरें. “एक गृहस्थ हवा तसा दाखला मिळवून देतों म्हणतात, तो घ्यावा काय?” असें भगिनी विचारतात.

तो घेऊं नये, हें आमचें निश्चित उत्तर. मुलाखतीच्या वेळीं अर्जदाराकडून सत्यकथनाची शपथ घेतली जाते. खोटा कागद उघडकीस आला तर तेवढा अर्ज फेटाळला जाऊन भागत नाहीं; बुद्ध्या केलेल्या खोट्या निवेदनाबद्दल त्या देशाचें दार कायमचें बंद होऊं शकतें. शिवाय येथें खोट्याची गरजच नाहीं. जन्ममृत्यु नोंदणीचा १९६९ चा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून अमलांत आला. त्यापूर्वीं जन्मलेल्या असंख्य लोकांपाशीं दाखला नसतो, हें वकिलातीस ठाऊक आहे, आणि तिच्या नियमांतच त्याची सोय आहे. नोंद आढळत नाहीं असा अधिकाऱ्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माच्या वेळीं हयात असलेल्या वडील नातलगाचा प्रतिज्ञालेख, हीं एकत्र जोडलीं असतां त्या दाखल्याची जागा भरून निघूं शकते.

आमच्या विदर्भांत आणखीहि एक आधार आहे. जुन्या मध्यप्रांतांत गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देत असे. त्या ‘कोतवाल बुका’च्या नकला जातीच्या दाखल्यासाठीं लोक आजहि काढतात. अशा नोंदींत मुलीचें नांव पुष्कळदां नसतें, कारण बारशापूर्वींच वर्दी जाई. पण बापाचें नांव, गांव व तारीख असते. सासूबाईंचें माहेर आरमोरीचें. तेव्हां आरमोरीच्या तहसील कचेरींत ही नक्कल व त्यांच्या शाळेंत दाखलखारीज रजिस्टराचा उतारा, हीं दोन आधीं मागावीं. जुनीं पानें जीर्ण असतात व शोधास वेळ लागतो, म्हणून हें काम मुलाखतीची तारीख येण्याची वाट न पाहतां आजच हातीं घ्यावें.

जन्मस्थळाच्या रकान्यांतहि गोंधळ होतो. सासूबाई जन्मल्या तेव्हां आरमोरी चांदा जिल्ह्यांत होती व नागपूर ही मध्यप्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. पुढें चांद्याचें चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. बाई आरमोरीहून धानोऱ्यास आल्या, एवढाच त्यांचा प्रवास. पण एका कागदावर चांदा, दुसऱ्यावर चंद्रपूर व तिसऱ्यावर गडचिरोली असें आढळेल. यांत चूक कोणाचीच नाहीं. हा इतिहास चार ओळींत लिहून सोबत जोडावा म्हणजे झालें.

तारखेचेंहि तसेंच. त्या पिढीच्या आयांना मुलांची तिथि पाठ असे, इंग्रजी तारीख नसे. शाळेंत नांव घालतांना गुरुजी वय पुरतें करण्यासाठीं १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होत. आतां पंचांग धुंडाळून खरी तारीख काढूं नये. पासपोर्ट व शाळेचा दाखला यांत जी तारीख एकसारखी आहे तीच सर्वत्र ठेवावी. दोहोंत तफावत असल्यास ती प्रतिज्ञालेखांत कारणासह प्रांजळपणें सांगावी.

आतां नांवाविषयीं. माहेरची गोदावरी मंगलकार्यांत तांदळांत नांव लिहून सरस्वती व्हावी, ही आपल्या घरांतील जुनी चाल. तिची फेड आज कचेरींत करावी लागते. अर्जांत ‘पूर्वीचीं इतर नांवें’ असा रकाना असतो. त्यांत माहेरचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव पूर्ण लिहावें, लपवूं नये. विवाहाची नोंद झाली नसेल तर ती उशिराहि करून घेतां येते, हयात साक्षीदार मात्र हवेत. पति दिवंगत झाल्यावर तें जमत नसेल तर पतीचा मृत्यूचा दाखला, दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असल्याचा प्रतिज्ञालेख व जुनी लग्नपत्रिका जपून ठेवली असल्यास ती जोडावी. राजपत्रांत नांवबदल प्रसिद्ध केलेला असल्यास त्याची प्रत ठेवावी. घराण्यांतील पुरुषांच्या सात पिढ्या आपल्या मुलांना पाठ असतात. आजीचें माहेरचें नांव मात्र विचारून पाहावें, बहुधा सांगतां येत नाहीं. त्या घरांत नसलेली नोंद परक्या अधिकाऱ्यानें मागावी, याची आम्हांस थोडी लाज वाटते.

उरलेली तयारी अशी. पोलिसांचा चारित्र्यदाखला पासपोर्ट खात्याकडून घ्यावा. आपल्या भागासाठीं प्रादेशिक कचेरी नागपूरची. मराठी कागदांचें प्रमाणित इंग्रजी भाषांतर करावें. दीरांनीं आईच्या प्रतिपालनाचा प्रतिज्ञालेख द्यावयाचा असतो. तेथील सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या निदान सव्वापट उत्पन्न त्यांत दाखवावें लागतें. वैद्यकीय तपासणी वकिलातीनें नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. छातीचा क्ष-किरण व लशी त्यांत येतात. बोटांचे ठसे व छायाचित्र यांसाठीं मुलाखतीपूर्वीं वेगळी भेट असते. म्हणून धानोऱ्याहून गडचिरोली, तेथून नागपूर व पुढें रात्रीची गाडी असा प्रवास करणाऱ्या वृद्धेस मुंबईंत कांहीं दिवस मुक्काम हवा. वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलांत आहे. आंत मोबाईल नेतां येत नाहीं. मराठींत बोलावयाचें असल्यास तसें आरंभींच सांगावें. विचारलें तेवढेंच, खरें व थोडक्यांत बोलावें. पाठ केलेलीं उत्तरें वृद्धांच्या तोंडीं घालूं नयेत.

वास्तव्य सिद्ध करण्याची कला धानोऱ्यास नवी नाहीं. तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवानें २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क २००९ सालीं मिळविला. त्या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची लेखी जबानी हाहि एक पुरावा मानला आहे. छापील दाखला नसला तरी माणसांच्या स्मृतीस किंमत असते. मात्र ती नीट लिहून, सही-अंगठ्यानिशीं वेळेवर नोंदवावी लागते. सासूबाईंची एकच थोरली आत्या हयात आहे, असें पत्रांत आहे. तिचा प्रतिज्ञालेख सर्वांत आधीं करावा.

१८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या तेव्हां हें कांहीं नव्हतें. १९१७ च्या कायद्यानें तेथें आपल्या लोकांच्या स्थायिक होण्याची वाटच अडविली. १९४६ सालीं ती उघडली ती वर्षाकाठीं अवघ्या शंभरांसाठीं. १९६५ च्या कायद्यानें प्रौढ नागरिकांच्या आईबापांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवलें, म्हणूनच आज मुलगा आईस बोलावूं शकतो. ही सोय मोठी आहे खरी. पण तिच्या अटीहि घरांत मोठ्यानें वाचून दाखवाव्यात. कायमचें वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. परंतु वास्तव्य तेथेंच ठेवावें लागतें. आगाऊ परवान्यावांचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास हक्क गमावण्याची वेळ येते. ६५ वर्षांवरील नवागतास तेथील सरकारी वैद्यकीय विम्यांत पैसे भरून शिरावयाचें तरी पांच वर्षांचें सलग वास्तव्य लागतें. तोंवरचा खर्च मुलानें धरावा. धानोऱ्याची शेती त्यांना ठेवतां येईल, पण तिच्या उत्पन्नाची माहिती तेथील करखात्यासहि द्यावी लागेल.

आणि एक गोष्ट पत्रांत कोठेंच नाहीं. दीरांची इच्छा आहे, भगिनींची काळजी आहे, कागदांची यादी आहे. सासूबाई काय म्हणतात, तें नाहीं. ७२ वर्षांच्या बाईस तुळशीचें अंगण सोडून, भाषा न कळणाऱ्या शेजारांत, दिवसभर कामावर गेलेल्या मुलाच्या घरीं राहावयाचें आहे. कदाचित् त्यांना तेंच हवें असेल. पुत्राचें व नातवंडांचें सुख लहान नाहीं. कदाचित् नको असेल, आणि मुलाचें मन मोडेल म्हणून त्या गप्प असतील. त्यांना एकांतांत, दीर दूरध्वनीवर नसतांना विचारावें, व दोन दिवस विचारास द्यावे. नको म्हणाल्या तर दीरांनीं तसें कळवावें. वर्षभर उत्तरच न दिल्यास प्रकरण रद्द होऊं शकतें. नंतर पाहुण्याचा व्हिसा मागतांना हा अर्ज आड येऊं शकतो, हेंहि आधींच समजून असावें. हो म्हणाल्या तर कागदांची पिशवी त्यांच्याच हातीं द्यावी व प्रत्येक कागद काय आहे तें समजावून सांगावें. तें कळल्यावर सासूबाईंचें उत्तर भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें. पुढील सल्ला त्यावरच अवलंबून आहे.