बदलीच्या गावातली बालवाडी



नागपूर विभाग २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होता आणि तिचे मुख्यालय कोलकात्याच्या गार्डन रीचला. त्यामुळे विदर्भातला रेल्वे कामगार आणि कोलकाता यांचे नाते जुन्या बंगाल नागपूर रेल्वेपासूनचे आहे. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलवायचे आणि क्वार्टरसाठी अर्ज करायचा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण तीन वर्षांच्या लेकराचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या मागणीपत्रात कधी आला नाही. तो आम्हाला एका वहिनींनी शिकवला.

या वहिनी आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नी, नागपुरात बालवाडीच्या शिक्षिका. नवऱ्याच्या बदलीपायी नोकरी सोडून कोलकात्याला आल्या, तेव्हा थोरली साडेचार वर्षांची, धाकटा तीनचा. इतरांच्या रडणाऱ्या मुलांना दारातून आत घेणारी ही बाई आता स्वतःची मुले घेऊन परक्या भाषेच्या दारात उभी होती. एका इंग्रजी नर्सरीत त्या तीन वर्षांच्या पोराची मुलाखत झाली. त्याने मराठीत उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, पण धरले गेले नाही. अखेर वहिनींनी दोघांना घराजवळच्या बंगाली शिशुवर्गात घातले.

आपल्याच लोकांत कुजबुज सुरू झाली. स्वतः मास्तरीण आणि पोरांना बंगालीत घातले? आम्हीही तेच म्हणालो, हे कबूल करतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, या वयात पोरगं पुस्तक शिकत नाही, चारचौघांत बसायला शिकतं. ज्यांच्याशी खेळायचं त्यांची भाषा मिळू द्या. मराठी मी घरी देते." दिवाळीपर्यंत मुले शेजाऱ्यांशी बंगालीत भांडू लागली. तक्रार मात्र आईकडे मराठीतच येई.

वहिनींचे बरोबर होते. चूक होती ती आमची. ज्या कॉलनीत शिकलेली शिक्षिका घरी बसून आहे, त्याच कॉलनीतल्या मुलांना बालवाडी नाही, हे आम्हाला दिसले नाही.

प्रशासन म्हणेल, भत्ता देतो ना. मुलांचा शिक्षण भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर महिना २२५० रुपये झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून तो २८१२ रुपये ५० पैसे झाला. पहिलीआधीच्या वर्गांनाही तो मिळतो. तो लढून मिळवला आहे, सोडायचा नाही. पण हा पैसा आपल्या खिशातून नर्सरीवाल्याच्या गल्ल्यात जातो आणि कॉलनीत काहीच उभे राहत नाही. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला तर तोही नाही.

ताराबाई मोडक मराठी, पण बालशिक्षणाचे काम त्यांनी गुजराती मुलखात, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर सुरू केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी पाड्यांवर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पाड्यावर जे जमले ते रेल्वे कॉलनीत का जमू नये?

आमची मागणी साधी आहे. जेथे रेल्वे इन्स्टिट्यूट आहे तेथे सकाळी तीन तास बालवाडी चालावी. कायम आणि ठेक्याच्या, रेल्वेच्या आणि टपालाच्या सर्व कामगारांची मुले तीत यावीत. मुले त्या गावची भाषा बोलोत, पण घरच्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला कोणी गप्प करू नये. बदलीवर आलेल्या कुटुंबांतल्या शिक्षित भगिनींना तेथे काम मिळावे आणि मानधन नव्हे, पगार मिळावा.

स्टाफ बेनिफिट फंडाच्या समितीवर आपलेच प्रतिनिधी बसतात. पहिला ठराव तेथेच मांडा. प्रत्येक शाखेने आपल्या कॉलनीत सहा वर्षांखालील मुले किती, याची यादी या महिन्यातच करावी. आमच्या शाखेची यादी वहिनींनी लिहायला घेतली आहे.