एकच कळफलक, दोन भाषा

बंगळूरमधल्या मराठी घरात संध्याकाळ झाली, की संगणकापुढे नंबर लागतात. मुलीला शाळेचा कन्नड प्रकल्प टाइप करायचा असतो. आईला मंडळाच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण मराठीत तयार करायचे असते. बाबांचे ऑफिसचे काम तर संपता संपत नाही. त्यात आईचे निमंत्रण सर्वांत जास्त वेळ खाते. रोमन अक्षरांत शब्द लिहायचा, खाली उमटलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडायचा, 'मन'चे 'मान' झाले की मागे जाऊन पुसायचे! दहा ओळींना पाऊण तास लागतो. शेवटी कंटाळून निमंत्रण इंग्रजीत जाते आणि गावाकडच्या आजीला पाठवायचे पत्र 'आजी कशी आहेस' असे रोमन लिपीत. ते आजीला वाचता येत नाही.

वेळ वाचवण्याच्या युक्त्या म्हटल्या, की सगळे जण कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीपासून सुरुवात करतात. त्याही हव्यातच, त्यांच्याकडे पुढे येऊ. पण परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा सर्वांत जास्त वेळ वाचवणारी गोष्ट वेगळीच आहे. ती प्रत्येक विंडोज संगणकात फुकट मिळते आणि तरी फार थोड्या घरांत वापरली जाते. तिचे नाव इन्स्क्रिप्ट.

क तिथेच, ಕ तिथेच

भारतीय लिप्यांसाठी एकच कळफलक असावा, हा विचार १९८०च्या दशकातला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्टची मांडणी ठरवली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांच्या संगणकीय मानकात तिला स्थान दिले. आय. आय. टी. कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले, त्यामुळे या गोष्टीत मराठी मुलखाचाही वाटा आहे.

मांडणीमागचे तर्कशास्त्र साधे आहे. देवनागरी काय किंवा कन्नड काय, दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मीत. दिसायला कितीही वेगळ्या असल्या, तरी क, ख, ग, घ हा क्रम दोन्हींकडे तोच. मग 'क'ची कळ दोन्हीकडे एकच का नसावी? इन्स्क्रिप्टमध्ये ती तशीच आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. शिफ्ट दाबले की 'क'चा 'ख' होतो, 'ग'चा 'घ', 'प'चा 'फ'.

करून पाहण्यासाठी 'नमस्कार' हा शब्द घ्या. इंग्रजी कळांच्या नावाने सांगायचे तर व्ही, सी, एम, डी, के, ई, जे. यातली 'डी' म्हणजे हलन्त, पाय मोडण्याची कळ. मराठी निवडलेले असेल तर पडद्यावर 'नमस्कार' उमटेल. आता विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा, कन्नड निवडा आणि बोटे अगदी तशीच पुन्हा चालवा. 'ನಮಸ್ಕಾರ' उमटेल! एकही नवी कळ शिकावी लागली नाही.

अर्थात कन्नड वाचता यायला हवे, बोटांना अक्षरओळख होत नाही. शिवाय कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ असे दोन जादा स्वर आहेत, त्यांच्या कळा वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. पण कर्नाटकात २०१५ साली झालेल्या कायद्याने शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक केल्यापासून मराठी मुले ही लिपी शिकतातच. घरात तीच बोटे मराठीसाठी वापरली, तर आजीचे पत्र वेगळे शिकावे लागत नाही.

एक खुलासा मात्र हवा. कर्नाटकच्या सरकारी कामात 'नुडी' या सॉफ्टवेअरचा वापर होतो आणि त्याचा कळफलक के. पी. राव यांच्या मांडणीवर आधारलेला, म्हणजे निराळा आहे. घरात कोणी सरकारी नोकरीची तयारी करत असेल, तर त्याने तोच शिकावा. आणि ज्यांना महिन्याकाठी चार ओळीच मराठीत लिहायच्या असतात, त्यांनी रोमनवरून लिप्यंतर करणेच बरे. चार ओळींसाठी नवा कळफलक शिकणे म्हणजे चहासाठी गाय पाळणे.

सुरुवात कशी करावी

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली मराठी आणि कन्नड या भाषा जोडाव्यात. कळफलक निवडताना 'फोनेटिक' असे लिहिलेला घेऊ नये, नुसता 'मराठी' घ्यावा. कळांवर स्टिकर चिकटवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मग नजर कायम खालीच राहते. त्याऐवजी विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन कळा एकत्र दाबल्या, की पडद्यावरच कळफलक दिसतो. चालू भाषेची अक्षरे त्यावर असतात.

रोज पंधरा मिनिटे, एवढेच पथ्य. पहिले काही दिवस रोमनपेक्षाही वेळ जास्त लागेल, चिडचिड होईल. बहुतेक जण इथेच सोडून देतात. घरातल्यांची नावे, वाणसामानाची यादी, पाककृती असे रोजचे काहीतरी टाइप करत राहावे. जोडाक्षरांना घाबरण्याचे कारण नाही : शिफ्ट आणि ७ दाबले की 'क्ष', शिफ्ट आणि ५ दाबले की 'ज्ञ'. 'दुसऱ्या'मधला खास मराठी अर्धा र अनेकांना छळतो. त्यासाठी शिफ्ट-जे, मग डी, मग 'य'ची कळ, म्हणजे पूर्णविरामाच्या शेजारची तिरकी रेघ.

आता कंट्रोलच्या युक्त्या. विंडोजमध्ये मराठी चालू असतानाही त्या चालतात, कॉपी करण्यासाठी इंग्रजीत परतावे लागत नाही. झेड, एक्स, सी, व्ही या कळा डाव्या कोपऱ्यात शेजारी शेजारी असल्याने उजवा हात माउसवर ठेवूनही काम होते. कापून चिकटवण्याची ही कल्पना १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात आणली. टेस्लर २०२० मध्ये वारले, त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. चुकून काही पुसले गेले तर कंट्रोल-झेड. ब्राउझरची खिडकी घाईत बंद झाली तर कंट्रोल-शिफ्ट-टी, ती परत येते. आधी कॉपी केलेले चार तुकडे पुन्हा हवे असतील, तर विंडोज-व्ही. पहिल्या वेळी ही सोय सुरू करण्याची परवानगी विचारली जाते, ती द्यावी.

एकच संगणक सगळे वापरत असतील, तर उठताना विंडोज-एल दाबून कुलूप लावावे. धाकट्याने ताईचा प्रकल्प पुसला, ही तक्रार त्यामुळे बरीच कमी होते.

आणि कंट्रोल-एस. बंगळूरला मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो, झाडाची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. टेबलावरचा संगणक तिथेच विझतो. प्रत्येक परिच्छेदानंतर डाव्या हाताने हे दोन बोटांचे काम उरकले, तर दिवे आल्यावर आजीचे पत्र पहिल्या ओळीपासून लिहावे लागणार नाही.