सवय होईल म्हणे!

परवा आत्याला भेटायला वृद्धाश्रमात गेलो होतो. फरशी चकाचक, बीपी-शुगरची वही अगदी टापटीप. निघताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "आजी पंधरा दिवस नीट जेवत नाहीयेत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात." व्यवस्थापकांना विचारलं तर म्हणाले, "वय झालंय हो, होईल सवय. संध्याकाळी भजन असतं ना!"

सवय? शुगर वाढली तर "होईल सवय" म्हणून आपण गोळी बंद करतो का? उतारवयातलं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. भूक नाही, झोप नाही, अंग दुखतंय, एवढंच म्हणतात. हे अधूनमधून येणाऱ्या डॉक्टरांना कसं दिसणार? दिसतं ते रोज ताट उचलणाऱ्यांना आणि रात्री उशी सरकवणाऱ्या सिस्टरना.

जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल नावाची 15 प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही', वेळ पाच-सात मिनिटं. गुण 5 च्या वर गेले की डॉक्टरांना दाखवायचं. निदान डॉक्टरच करणार, पण त्यांना हाक तरी कोणी मारायची? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात 'मानसिक आरोग्य परिचारिका' असा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रत्यक्षात सिस्टरच्या वाट्याला गोळ्या, ड्रेसिंग, डायपर आणि रात्रपाळी. दहा मिनिटं कोणाजवळ बसल्या तर "गप्पा मारताय?" असं ऐकावं लागतं!

खर्चाचं रडगाणं मला मान्य नाही. सिस्टरना प्रशिक्षण द्या, बोलायला राखीव वेळ द्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांना थेट फोन करायची मुभा द्या. भजन जरूर ठेवा, पण ते उपचार नव्हेत.

आणि दोष फक्त व्यवस्थापकांचा नाही. आत्याला तिथे ठेवताना आपण गरम पाणी, कमोड, कॅमेरे, सगळं विचारलं. मनाची नोंद कुठल्या वहीत होते, हे मीही विचारलं नाही.

असो. सिस्टरनीच आत्याला ते प्रश्न विचारले. गुण 5 च्या बरेच वर गेले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रविवारी माझ्याबरोबर कोण येतंय ते कळवा. फराळाचा डबा नको, दोन तास हातात ठेवून या.