बाल्य काय काल जन्मास आलें?

बाल्य ही आधुनिक युरोपची निर्मिति आहे, असें आमच्याकडील कांहीं अध्यापकहि सिद्धांत म्हणून सांगूं लागले आहेत. या मताचें मूळ फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराच्या १९६० सालच्या ग्रंथांत आहे. युरोपांतील मध्ययुगीन चित्रांत मूल लहान आकाराच्या प्रौढासारखें दिसतें. त्यावरून त्या समाजास बाल्याची जाणीव नव्हती, असें त्यानें अनुमान केलें. मुलांविषयींची माया निराळी व ही जाणीव निराळी, हेंहि त्यानेंच बजाविलें.

ठीक, त्याचीच कसोटी आपण लावूं. १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत, पहिल्याच अध्यायांत, ज्ञानदेव श्रोत्यांस विनवितात कीं, मुलाच्या बोबड्या बोलांनीं आईबापांस अधिकच संतोष होतो, तसें माझें उणें सांभाळून घ्यावें. प्रौढाच्या वाणींतला दोष मुलाच्या मुखीं गोड ठरतो, ही केवळ माया नव्हे. मुलास माप निराळें, ही जाणीव होय. ती श्रोत्यांस नसती, तर हा दृष्टांत फुकटच गेला असता!

बाल्याच्या कल्पना कालानुरूप पालटतात, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पालटणें म्हणजे नसणें नव्हे. दूरच्या चित्रांवरून स्वतःच्या पूर्वजांविषयीं निकाल देण्यापूर्वीं या पंडितांनीं घरची पोथी उघडावी, एवढेंच आमचें मागणें आहे.