दुसऱ्या खेपेचा खुबा
इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली रूढ केलेल्या कृत्रिम खुब्याने लंगडणारे लाखो लोक चालते झाले, हे निर्विवाद. परंतु वाटीच्या प्लास्टिकचे सूक्ष्म कण झडून भोवतालचे हाड पोखरले जाते, मांडीतली खुंटी डुगडुगू लागते आणि सांधा पुन्हा उघडावा लागतो, तेव्हा पहिल्या खेपेचे आयुर्मान दुसरीस सहसा लाभत नाही. पहिली दुरुस्ती जितकी लवकर, तितकी पुढचीही लवकर ओढवते, असे ब्रिटनचे कृत्रिम सांध्यांच्या नोंदींचे २००३पासूनचे दफ्तर सांगते. स्वीडनने तर असे दफ्तर १९७९ सालीच उघडले. आपल्याकडे मात्र सांध्याच्या अनुक्रमांकाची चिठ्ठी चुरगळलेल्या डिस्चार्ज कार्डावरून कधीच गळून पडलेली असते! सरकारने अशा दफ्तरातली नोंद, खासगी इस्पितळांसह, सक्तीची करावी.