आज्ञावलीचे वळण

इ.स. १९५३ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने लखनौ येथे देवनागरी लिपिसुधारणेसाठी परिषद भरवली. अध्यक्षस्थानी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन होते. टंकलेखन व मुद्रण सुकर व्हावे, या हेतूने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याचे ठरले. यंत्राला ते सोयीचे होते. वाचकाच्या डोळ्यांना मात्र मानवले नाही. काही वर्षांतच तो बदल मागे घ्यावा लागला. याउलट अ, झ, ण या अक्षरांची मराठी वळणाची रूपे हिंदी मुद्रणात रुळली आणि टिकली.

लेखनाचे वळण कोणी, कशासाठी आणि किती बदलावे, हा प्रश्न आज संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढेही उभा आहे. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रकल्पात जगभरातील हजारो माणसे एकच संहिता लिहीत असतात. एकाची ओळ समासापासून चार अक्षरे आत, तर दुसऱ्याची आठ. एकाचा महिरपी कंस त्याच ओळीत, तर दुसऱ्याचा खालच्या. यंत्राला याचे सोयरसुतक नसते. परंतु संहिता माणसांनाही वाचावी लागते. म्हणूनच लिनक्सने आठ अक्षरांच्या समासाचा नियम लेखी केला, तर पायथन या भाषेसाठी २००१ साली शैलीची नियमावली सिद्ध झाली.

हा केवळ टापटिपीचा हव्यास आहे, असे मानणाऱ्यांनी २०१४ सालची एक घटना ध्यानात घ्यावी. ॲपल कंपनीच्या सुरक्षा-संहितेत एका अटीखाली एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. तेथे महिरपी कंस नव्हते. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या असल्यामुळे दुसरी ओळही अटीच्याच अधीन आहे, असे वाचणाऱ्यास वाटे. प्रत्यक्षात ती अट पुरी होवो वा न होवो, पाळली जात होती आणि पुढची स्वाक्षरी-पडताळणी टळत होती. परिणामी कोणी तोतया संकेतस्थळ मध्ये उभे केले, तरी आयफोनला ते खरेच वाटू शकले असते. कंसांचा नियम कसोशीने पाळला असता, तर ती ओळ निरुपद्रवी ठरली असती.

तरीही साफसफाईचा अतिरेक इष्ट नाही. गिट या प्रणालीत प्रत्येक ओळ शेवटी कोणी व केव्हा बदलली, याची नोंद राहते. एखाद्या उत्साही नवशिक्याने सबंध संहितेचे समास एका दिवसात सरळ केले, तर प्रत्येक ओळीपुढे त्याचेच नाव लागते आणि मूळ लेखकाचा हेतू शोधणाऱ्याला आणखी एक पायरी मागे जावे लागते. अशा बदलांना वगळून इतिहास पाहण्याची सोय गिटमध्ये २०१९ साली आली, यावरूनच ही अडचण किती खरी होती ते दिसते. शिवाय शैलीचा बदल आणि आशयाचा बदल एकत्र केला, की तपासणारा शेकडो निरर्थक फरकांत हरवतो व खरी चूक निसटते. म्हणून हे दोन बदल स्वतंत्रच असावेत. चालत्या जुन्या संहितेला, तिथे अन्य काम निघेपर्यंत, हात न लावणे बरे. वळण लावण्याचे काम शक्यतो यंत्राकडेच सोपवावे. गो या भाषेने आपल्यासोबतच तसे साधन दिल्यामुळे तेथे कंसाच्या जागेवरून होणारे वाद जवळजवळ उरले नाहीत.

नियमांचेही वय होते. ओळ ८० अक्षरांहून लांब नसावी, हा दंडक मुळात ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांच्या काळातला. छिद्रपत्रे गेली, तरी दंडक राहिला. २०२० साली लिनक्सच्या तपासणी-साधनाने इशाऱ्याची मर्यादा १०० अक्षरांपर्यंत वाढवली; पसंती मात्र ८० लाच राहिली, आणि जुन्या ओळी जिथल्या तिथे राहिल्या.