अजून शिकतेच आहेस का?

लग्नाच्या पंगतीत एक काकू हमखास भेटतात. ताटात जिलबी वाढून झाली की विचारतात, ‘‘काय गं, अजून शिकतेच आहेस का?’’

जिला विचारतात ती २६ वर्षांची असते. बायोकेमिस्ट्रीत पीएचडीचं तिसरं वर्ष सुरू असतं. आदल्या रात्री दोनपर्यंत ती लॅबमध्ये पेशी सांभाळत बसलेली असते, कारण पेशींना रविवार कळत नाही आणि मुहूर्तही कळत नाही. पण हे पंगतीत कसं सांगणार? ती हसून म्हणते, ‘‘हो काकू, अजून दोन वर्षं.’’

काकूंचंही काही चुकत नाही म्हणा! शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर पांढरे केस, जाड चष्मा आणि गळ्यातला हार येतो. पण ते सत्काराच्या वेळचं वय झालं. शोध लागतो तेव्हाचं वय बरेचदा वेगळंच असतं.

इन्सुलिनचंच बघा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी फ्रिजमध्ये आजोबांचं इन्सुलिन असतं. ते शोधण्याची धडपड १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटोमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक बँटिंग तेव्हा २९ वर्षांचा होता आणि त्याच्या मदतीला आलेला चार्ल्स बेस्ट अवघा २२ वर्षांचा, नुकता पदवी घेतलेला. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते फसलं. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. मग जेम्स कॉलिप या तरुण बायोकेमिस्टने ते शुद्ध केलं, १२ दिवसांनी पुन्हा दिलं आणि मुलाची साखर उतरली. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, पण बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना. बेस्टचं नावच नाही! बँटिंगने आपल्या बक्षिसाची अर्धी रक्कम बेस्टला देऊन टाकली.

मेंदूच्या संशोधनातही तेच. आपण कुठे आहोत हे मेंदूला कसं कळतं, या शोधासाठी २०१४ मध्ये नॉर्वेच्या मोझर दांपत्याला जॉन ओकीफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. उंदीर मोकळा फिरत असताना त्याच्या मेंदूतल्या काही पेशी ठरावीक जागी चमकतात आणि त्या जागा जोडल्या तर षटकोनी जाळी तयार होते. हे सांगणारा २००५ चा पेपर उघडला तर मोझर यांची नावं शेवटी दिसतात. पहिली नावं त्यांच्या लॅबमधल्या तरुण संशोधकांची आहेत. जीवशास्त्रात पद्धतच अशी की ज्याने हाताने काम केलं त्याचं नाव आधी, लॅब ज्याची त्याचं शेवटी. बातमीत मात्र शेवटचंच नाव येतं.

आणि आपल्याकडे? मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. मग अटी घालून, पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवून, त्यांना घेतलं गेलं. त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. तेव्हा त्यांनी अडून बसायचं सोडलं असतं तर?

आज दार कुणी असं तोंडावर आपटत नाही. आज माणसं हळूहळू गळतात. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७ हजार आणि दोन वर्षांनी ४२ हजार मिळतात. आकडा बरा वाटतो. पण हा पगार नाही, त्यात पीएफ नाही आणि तो दर महिन्याला वेळेवर येईलच याची खात्री नाही. फेलोशिप वाढावी, वेळेवर मिळावी म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलनाला बसावं लागलंय. ज्याच्या घरी मागे कुणी आहे तो थांबू शकतो. ज्याला घरी पैसे पाठवायचे असतात तो नोकरी धरतो. म्हणजे कोण शास्त्रज्ञ होणार हे हुशारीवर कमी आणि बापाच्या खिशावर जास्त ठरतं. हे बदलायला हवं आणि ते मागणं म्हणजे भीक नाही. उंदीर जसा वेळेवर खाणं मागतो तसं संशोधकानेही मागितलं तर बिघडलं कुठे?

तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हा किडा वळवळत असेल तर आधी चव घेऊन बघा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, तिला अर्ज करा. पुण्याचं आयसर, एनसीसीएस, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक काही फार लांब नाही. गाइड निवडताना त्यांच्या पुरस्कारांची यादी पाहू नका, त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठा. पीएचडीला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कुणाचं, प्रयोग फसला की सर काय म्हणतात, हे विचारा. कारण प्रयोग फसणारच आहेत. टोरांटोतही पहिलं इंजेक्शन फसलंच होतं.

आणि ज्यांना या वाटेला जायचं नाही त्यांच्यासाठी एवढंच. तुमच्या ग्रुपमध्ये अशी एखादी मैत्रीण असेलच. पुढच्या वेळी भेटली की ‘कधी संपणार?’ असं विचारू नका. ‘सध्या काय शोधतेयस?’ असं विचारा. चहा मागवा आणि ऐका. पंगतीतल्या काकूंनाही सांगा, ती शिकतेय हे खरंच; पण जे शिकतेय ते अजून कुठल्याच पुस्तकात आलेलं नाही.